हाताने केलेली भेट : कोणासाठी?

नाताळ जवळ आला की आपल्या घराघरांत कागदाची कापाकापी सुरू होते. बांबूच्या कामट्या तासून त्यांवर पतंगाचा कागद चिकटवायचा आणि तारा करायचा. खळ शिजवायची ती घरातल्या मोठ्यांनी. गोठ्याच्या डोंगरासाठी जाड तपकिरी कागद चुरगळून ठेवायचा. धर्मशिक्षणाच्या वर्गात मुले जाड कागदाला घडी घालून शुभेच्छापत्रे करतात. कोणी रंगीत पट्ट्या गुंडाळून क्विलिंगची फुले करते, कोणी कुलकुल आणि करंज्या भरायला कागदाचे लहान खोके दुमडते. पुढे ईस्टर येतो, प्रथम ख्रिस्तप्रसाद येतो, कोणाच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस येतो आणि कात्री-गोंद पुन्हा बाहेर निघतात.

आता हे सारे बाजारात तयार मिळते. तारा मिळतो, कार्ड मिळते, खोकाही मिळतो. मोबाइलवर तर एक चित्र एका क्षणात शंभर घरी जाते. तरीही आपण म्हणतो, "हाताने केलेल्याची सर विकतच्याला नाही." हे वाक्य आपण इतके सहज बोलतो की ते खरे आहे की नाही, हे कधी तपासून पाहत नाही. ते खरे असेल तर कशामुळे? आणि नेहमीच खरे असते का? या रविवारी त्यावर थोडा विचार करू या.

वेळ नाही म्हणून जन्मलेले कार्ड

नाताळचे पहिले छापील कार्ड १८४३ साली लंडनमध्ये निघाले. हेन्री कोल नावाच्या गृहस्थांनी ते काढले. इंग्लंडमध्ये १८४० पासून एका पेनीत देशभर पत्र जाऊ लागले होते. ती व्यवस्था उभी करण्यात कोल यांचाही हात होता. टपाल स्वस्त झाले, पत्रे वाढली आणि प्रत्येकाला स्वतंत्र उत्तर लिहायला कोल यांना सवड मिळेना. तेव्हा त्यांनी जॉन हॉर्सली या चित्रकार मित्राकडून एक चित्र करून घेतले आणि त्याच्या हजारभर प्रती छापल्या. एका कार्डाची किंमत होती एक शिलिंग, म्हणजे बारा पेनी. टपालाच्या बारा पट! चित्राच्या मध्यभागी मेजाभोवती जमलेले कुटुंब होते. दोन्ही बाजूंना मात्र भुकेल्यांना अन्न आणि उघड्यांना वस्त्र देणारी माणसे दाखवली होती.

त्याआधीही कागदाच्या भेटी होत्याच. सतराव्या-अठराव्या शतकात फ्रान्स आणि जर्मनीतल्या मठांत धर्मभगिनी बारीक चाकूने कागद कोरून जाळी करीत आणि तिच्यामध्ये संतांचे लहानसे चित्र रंगवीत. त्या चाकूच्या फ्रेंच नावावरून अशा चित्रांना 'कानिव्हे' म्हणतात. एकेका चित्रावर कित्येक तास जात. पुढे यंत्रावर जाळीचा कागद निघू लागला आणि तशी चित्रे ढिगांनी मिळू लागली. आपल्या प्रार्थनापुस्तकांत जपून ठेवलेली जाळीच्या कडांची जुनी पवित्र चित्रे त्याच घराण्यातली.

म्हणजे एकीकडे एका चित्रासाठी दिवस घालवणारे हात, आणि दुसरीकडे वेळ नाही म्हणून छापून घेतलेली हजार कार्डे. कोल यांना दोष देण्याचे कारण नाही. आपण सारे त्यांचेच वारस आहोत!

किंमत कष्टाची की आणखी कशाची?

हाताने केलेल्या भेटीत कष्ट असतात म्हणून ती मोठी, असे उत्तर पटकन सुचते. पण ते पुरेसे नाही. पहाटेची विरार लोकल पकडून, दिवसभर काम करून, रात्री उभ्याने घरी परतणारी बहीण पगारातून भाचीला एक फ्रॉक घेते. त्या फ्रॉकमध्ये कष्ट नाहीत, असे कोण म्हणेल? तिचे कितीतरी तास त्यात शिवलेले आहेत. तिला कागद कापत बसायला सवड नाही म्हणून तिची भेट कमी प्रतीची ठरवली, तर आपण तिच्यावर अन्याय करू. मागी लोकांनी बाळ येशूपुढे सोने, धूप आणि गंधरस ठेवला. त्यांना कोणी परत पाठवले नाही. मेंढपाळांनी काही नेल्याचा शुभवर्तमानात उल्लेखही नाही. तेही रिकाम्या हाताने बाहेर थांबले नाहीत.

तेराव्या शतकातले थोर विचारवंत संत थॉमस अक्वायनस यांनी अ‍ॅरिस्टॉटलचा आधार घेऊन भेटीचा विचार केला आहे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा : परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलेली तीच खरी भेट. असे का द्यावे? तर ज्याला देतो त्याचे भले व्हावे असे वाटते म्हणून. म्हणून प्रेम ही पहिली भेट आहे, बाकी सगळे तिच्या मागून येते.

हे मानले तर हाताने केलेल्या भेटीचे मोल कुठे आहे ते दिसू लागते. हात सावकाश चालतात. कागदाला घडी घालताना, गोंद वाळेपर्यंत थांबताना, ज्याच्यासाठी करतो तो माणूस मनात येऊन बसतो. 'आजीला बारीक अक्षर वाचवत नाही, मोठे लिहू या.' 'काकांना साखर चालत नाही, त्यांच्या खोक्यात शेंगदाणे भरू या.' 'तिला निळा रंग आवडतो.' दुकानात दहा मिनिटांत हा विचार होणार नाही असे नाही, पण बहुधा होत नाही. हात आपल्याला थांबायला लावतात आणि त्या थांबण्यात माणसाची आठवण होते. मोल त्या आठवणीचे आहे.

अशा भेटीवर एकच नाव असते. ती पुढे ढकलता येत नाही. भिंतीवरचे घड्याळ आणि काचेचे सहा पेले कागद बदलून किती लग्ने पाहून येतात, हे आपल्याला ठाऊक आहे!

हात राबले, पण कोणासाठी?

आता दुसरी बाजू पाहू. कागदी भेटीची सर्वांत हृदयस्पर्शी कहाणी जपानची आहे. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला, तेव्हा सादाको सासाकी दोन वर्षांची होती. १९५५ मध्ये ती रक्ताच्या कर्करोगाने रुग्णालयात दाखल झाली. आजारी माणसांना बरे वाटावे म्हणून नागोयाहून कागदी करकोचे भेट आले होते. हजार करकोचे दुमडले की मनातली इच्छा पुरी होते, अशी तिकडची समजूत. सादाको औषधांच्या पुड्यांच्या कागदाचे करकोचे करीत राहिली. २५ ऑक्टोबर १९५५ रोजी, बाराव्या वर्षी, ती गेली. तिच्या सोबत्यांच्या पुढाकाराने मुलांचे शांतिस्मारक १९५८ साली उभे राहिले.

त्या स्मारकाकडे आज जगभरातून दर वर्षी सुमारे एक कोटी करकोचे येतात. वजन सुमारे दहा टन! ते ठेवायचे कुठे, हा हिरोशिमा नगरपालिकेपुढे प्रश्नच झाला. आता त्या कागदापासून पुन्हा कागद करून वह्या, पोस्टकार्डे बनवली जातात. तिथे निदान त्या करकोच्यांना त्यांचे स्थान आहे. पण जपानमध्ये भूकंपानंतर आपद्‌ग्रस्तांकडेही असे करकोचे जाऊ लागले आणि लोक बोलू लागले : पाणी नाही, पांघरूण नाही, तिथे हे कोणी उतरवून घ्यायचे? २०२२ मध्ये युक्रेनसाठी करकोचे पाठवण्यावरून जपानमध्येच वाद झाला. पाठवणाऱ्यांचे मन वाईट नव्हते. बोटे दुखेपर्यंत त्यांनी घड्या घातल्या होत्या. पण घेणाऱ्याला या घडीला काय हवे आहे, हा प्रश्न मागे राहिला.

याच्या शेजारी प्रेषितांच्या कृत्यांतील टबीथा ठेवून पाहावी. यापो गावची ही शिष्या आजारी पडून मरण पावली. संत पेत्र आले, तेव्हा विधवा रडत रडत त्यांना तिने केलेले कपडे दाखवू लागल्या. ती काय बोलली, हे शास्त्रात नोंदलेले नाही. तिने काय शिवले, ते मात्र नोंदलेले आहे. तिनेही हातानेच केले, पण त्या विधवांच्या अंगाला लागणारे केले. हाताचे काम आणि समोरच्याची गरज तिच्या टाक्यांत एकत्र आली होती.

म्हणून हाताने केले एवढ्यावर भेट पवित्र होत नाही. नातेवाईक रुग्णालयात असेल, बिल वाढत असेल आणि आपल्याजवळ देण्यासारखे असेल, तर सुंदर कार्ड हे पाकिटाऐवजी देता येणार नाही. उघड्या-उपाश्याला नुसत्या शुभेच्छा देऊन पाठवणाऱ्याला याकोबाच्या पत्राने विचारलेला प्रश्न तेव्हा आपल्यालाही लागू पडतो. पाकीट द्यावे आणि त्यात दोन ओळी हाताने लिहाव्या.

तसेच, कार्ड-स्पर्धेसाठी आईने रात्रभर जागून केलेले आणि मुलाने फक्त नाव घातलेले कार्ड कोणासाठी असते? परीक्षकांसाठी. वाकडी कात्री चालली तरी चालेल, मुलाचीच चालू द्यावी.

परतफेडीचे ओझे

आपल्याकडे आहेराची वही असते. कोणी किती दिले ते लिहायचे, म्हणजे त्यांच्याकडच्या कार्यात तेवढे, किंवा वर थोडे, परत करता येते. या वहीत चांगुलपणा नाही असे नाही. अडचणीच्या वेळी गावाने एकमेकांना सावरण्याची ती रीत होती. पण तीच रीत आता लहान मुलांच्या वाढदिवसापर्यंत आली आहे. भेट न्यायची आणि 'रिटर्न गिफ्ट' घेऊन यायचे. मग एखाद्या घरात आई हिशेब करते आणि लेकीला सांगते, "बाळा, तुझे पोट दुखते असे कळवू या." ती मुलगी मैत्रिणीच्या आनंदाला मुकते आणि वर तिला खोटे बोलायला शिकावे लागते. भेटवस्तूच्या किमतीने एका मुलीला दाराबाहेर ठेवले!

अशा वेळी हाताने केलेले कार्ड दार उघडते. मात्र एका अटीवर. ज्यांना महागडे परवडते, त्यांनीही कधी कधी तेच आणले पाहिजे आणि यजमानांनी ते सर्वांत वर ठेवले पाहिजे. ज्याच्या घरी जास्त आहे त्याने साधेपणाची सुरुवात करावी, म्हणजे ज्याच्या घरी कमी आहे त्याची मान खाली जात नाही. जे परतफेड करू शकत नाहीत त्यांना जेवायला बोलवा, असे प्रभूने यजमानाला सांगितले, ते लूकच्या शुभवर्तमानात आहे. आपली कार्डे जातात ती बहुतेक कार्ड पाठवणाऱ्यांकडेच. वृद्धाश्रमात, अंथरुणाला खिळलेल्यांकडे, यंदा ज्यांच्या घरात दुःख झाले आहे म्हणून आकाशकंदील लागणार नाही त्यांच्याकडे, किती जातात?

घेणाऱ्याचेही काही कर्तव्य आहे. मुलाने दिलेला चिकट, डाग पडलेला कागद आपण "छान" म्हणून न बघता बाजूला ठेवतो, तेव्हा भेट दारातच राहते. दोन मिनिटे हातात धरून वाचावे, काय काढले आहे ते विचारावे. कागद कायमचा ठेवलाच पाहिजे असे नाही. तो जीर्ण होतो, वाळवी लागते. पण घेतला मात्र पाहिजे.

करायचे असेल तर

दोन-चार साध्या गोष्टी. यादी शंभर जणांची करू नये, ती पुन्हा हेन्री कोल यांच्या अडचणीत नेते. जुन्या पत्रिकांचा आणि कार्डांचा जाड कागद कापून वापरावा. चमकी शक्यतो टाळावी, ती बहुधा प्लास्टिकची असते आणि मातीत मिसळत नाही. गोडाधोडाचे खोके दुमडताना वर्तमानपत्र वापरू नये. त्याच्या शाईने अन्न दूषित होते, असा इशारा सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्ये दिला आहे. आत बटर पेपर घालावा. मजकूर कुठून उतरवून घेऊ नये. 'तुम्ही त्या दिवशी घरी आलात, बरे वाटले,' एवढे एक खरे वाक्य पुरे.

आणि आध्यात्मिक पुष्पगुच्छाबद्दल. मुले फादरांच्या सणाला कागदी फुलांच्या पाकळ्यांवर इतक्या मिस्सा, इतक्या जपमाळा असे लिहून देतात. फार सुंदर पद्धत आहे ही. फक्त पाकळीवर पन्नास लिहून पाच म्हणू नयेत. पाचच लिहाव्यात आणि पाचही म्हणाव्यात. कागदाची भेट शेवटी शब्दाची भेट असते.

या आठवड्यात एकच नाव निवडू या, ज्याच्याकडून आपल्याला काहीही परत येणार नाही असे. त्याला काय हवे आहे, ते आधी विचारात घेऊ या. मग ते कार्ड असेल, खाऊ असेल, औषध असेल किंवा त्याच्याजवळ बसलेला अर्धा तास असेल. कात्री त्यानंतर हातात घेऊ या.