कालचा मोह

मार्च संपत आला की धानोऱ्याची पहाट वासावरून ओळखता येते. दार उघडलं की गोड, जडसर, किंचित आंबूस वास येतो. मोह पडायला लागला. पानं झडून मोकळ्या झालेल्या झाडांवरून रात्री आणि सगळ्यांत जास्त पहाटे बोराएवढी पांढुरकी, रसरशीत फुलं टपटपत असतात. गावाच्या कडेला राहणाऱ्या बायका आणि पोरं टोपल्या घेऊन निघालेली असतात. त्याच वेळी मी उंबऱ्यावर बसून बुटांच्या नाड्या बांधत असते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. वय चव्वेचाळीस. धावायला लागून चार वर्षं झाली. या वर्षी दहा किलोमीटर न थांबता धावायचे, एवढाच माझा संकल्प आहे. पण ऊन वाढलं की आमच्याकडे शाळा सकाळची होते. सातच्या शाळेसाठी साडेसहाला घर सोडायचं, आणि त्याआधी डबे, पाणी, सासूबाईंचा चहा, झाडलोट. संध्याकाळी धावावं म्हटलं तर पाच वाजताही डांबर तापलेलं असतं. उरते ती पहाट, आणि पहाटेलाही इथं अटी आहेत. या दिवसांत अस्वलं फुलं खायला मोहाखाली येतात. बिबट्या आणि वाघ आहेतच. २०२१ मध्ये छत्तीसगडकडून मुरूमगावच्या बाजूने हत्तींचा कळप आला, तोही याच तालुक्यात. म्हणून अंधारात मी गावाबाहेर पाऊल टाकत नाही. आठवडाभर दिव्याच्या खांबांखालचा रस्ता नाहीतर पोलीस भरतीच्या पोरांचं मैदान. रविवारी, नीट उजाडल्यावर, लेखा-मेंढ्याचा रस्ता.

पहिल्या वर्षी मी मोबाइलवरून एक तयार वेळापत्रक उतरवून घेतलं होतं. आठवड्यात पाच दिवस धावणं, एक दिवस व्यायाम, एक दिवस विश्रांती. ते आखणाऱ्याला आमची सकाळची शाळा ठाऊक नव्हती, सासूबाईंचे गुडघे ठाऊक नव्हते, शालेय पोषण आहाराची माहिती रात्री बसून ऑनलाइन भरावी लागते हेही ठाऊक नव्हतं. मी ते तसंच घरावर लादलं. महिनाभरात घरातलं बोलणं तुटक झालं. कोणी नाही म्हणत नव्हतं, पण माझ्या बुटांचा आवाज झाला की मुलगा पांघरूण डोक्यावरून ओढून घ्यायचा.

आमच्यापासून तीनेक किलोमीटरवरच्या मेंढा गावात ग्रामसभेचा निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाचंही मन वळलं नसेल तर त्या विषयावर पुन्हा बसायचं. अशा सावकाश चालीने चालणाऱ्या या गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क सर्वांत आधी मिळवणाऱ्या गावांत मेंढ्याचं नाव घेतलं जातं. हे मी वर्गात अभिमानाने सांगते, आणि घरात मात्र एकटीच ठराव करत होते. मग एका रात्री जेवणं झाल्यावर आम्ही चौघं बसलो. सोमवार, मंगळवार, गुरुवार आणि रविवार हे चार दिवस माझे ठरले. त्या दिवशी हे कणीक मळून ठेवतात, मुलगा पाणी भरतो. सासूबाई म्हणाल्या, ‘माझा चहा उशिरा झाला तर चालते, पण येताना दूध घेऊन ये.’ तेव्हापासून माझ्या धावण्याचा शेवटचा टप्पा दुधाच्या पिशवीसह असतो.

आमच्या स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर सगळं घर लिहिलेलं असतं. दुधाचं माप, सिलिंडर लावल्याची तारीख, कुणाचं देणं, कुणाचं लग्न. तारखेच्या चौकोनात वरच्या कोपऱ्यात मी त्या दिवशीचे किलोमीटर लिहिते. कोपरा रिकामा राहिला की पूर्वी मी त्यातून पुढच्या दिवसाकडे एक बाण काढायची. आजचे चार उद्या. गेल्या वर्षी असेच दोन बाण एका गुरुवारावर येऊन आदळले. दोन दिवसांचं राहिलेलं आणि त्या दिवसाचं, असं सगळं मी एका सकाळी धावले. दुसऱ्या दिवशी नडगी दुखायला लागली. पाय टेकवला की हाडावर बोट ठेवून दाबल्यासारखी कळ. तीन आठवडे धावणं बंद. दोन दिवसांचं देणं फेडायला गेले आणि वीस दिवस गमावून बसले.

या आठवड्यात पुन्हा तोच प्रसंग आला. सोमवार छान गेला. अर्धा तास सावकाश धावले, दूध घेऊन वेळेत घरी आले. सोमवारी रात्री सासूबाईंना ताप भरला. मंगळवारची पहाट त्यांच्या उशाशी गेली, दुपारी वर्ग आवरून दवाखाना, रात्री उत्तरपत्रिका. बुधवारी पहाटे ताप उतरला होता, घर झोपलेलं होतं आणि मी नेहमीच्या वेळी जागी झाले. बुधवार माझा नव्हे, पण मंगळवार रिकामा गेला होता. हात बुटांकडे गेले. भरपाईचा मोह फार साळसूद असतो. तो आळशी माणसाला होत नाही, कामसू माणसालाच होतो, म्हणून तो चुकीचा वाटतही नाही.

खरं तर या शरीराचा हिशेब मी वाचलेला आहे. आपण बळकट होतो ते धावताना नव्हे. धावताना स्नायू झिजतात, त्यांत साठवलेली साखर खर्च होते. झीज भरून निघते आणि आधीपेक्षा थोडी जास्त भरते ती नंतर, जेवणात, झोपेत, मोकळ्या दिवसात. दोन-चार दिवसांच्या खंडाने कमावलेला दम उतरत नाही. उतार जाणवायला लागतो तो साधारण दोन आठवडे काहीच केलं नाही तर. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला मध्यम श्रमाचा किमान १५० मिनिटांचा किंवा दमवणारा ७५ मिनिटांचा व्यायाम सांगते. माझे चारांपैकी तीन दिवस जरी साधले तरी ते माप भरतं. जगातले अव्वल लांब पल्ल्याचे धावपटूसुद्धा सरावाचा सुमारे ८० टक्के भाग शेजारच्याशी बोलता येईल इतक्या सावकाश करतात, असं त्यांच्या सरावाच्या नोंदी तपासणारे अभ्यासक सांगतात. हे सगळं मला माहीत होतं. तरीही बुधवारी मी अर्धा तास बुटांकडे पाहत बसले. गेले नाही. पण ते शहाणपणाने नव्हे, गेल्या वर्षीच्या नडगीच्या भीतीने.

गुरुवारी मैदानावर गेले. चुन्याची फक्की मारलेल्या गोलावर पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी राऊंड मारत होती. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. मुलींनी ते अंतर २ मिनिटं ५० सेकंदांत तोडलं की पूर्ण वीस गुण. एक मुलगी हातात चपला घेऊन कडेला बसली होती. ती पूर्वी माझ्याच शाळेत होती. मला म्हणाली, ‘मॅडम, तुम्ही कोणती भरती देऊन राहिल्या?’ मी म्हटलं, ‘भरती नाही गं. धावल्यावर बरं वाटतं, दिवस चांगला जातो.’ तिने मान हलवली, पण तिच्या चेहऱ्यावरची काळजी वेगळीच होती. आईबरोबर मोह वेचायला जावं लागतं, म्हणून ती सध्या एक दिवसाआड येत होती. बाकीच्या पोरी रोज येतात, आपण मागं पडू, याची तिला धास्ती. मी तिला सगळं समजावून सांगितलं. मधला दिवस वाया जात नाही, पाय त्याच दिवशी तयार होतात, राहिलेला राऊंड आज जास्तीचा मारू नकोस. बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं की मी तिला जे सांगते आहे ते मला पाठ आहे, पटलेलं नाही.

पटलं ते रविवारी.

सहा वाजून गेल्यावर निघाले. झाडांमागून उजेड येत होता, हवेत अजून गारवा होता. लेख्याच्या अलीकडे रस्त्याच्या उतारावर एक मोठा मोह आहे. त्याच्याखालचा पालापाचोळा झाडून जमीन मोकळी केलेली होती, आणि त्या काळपट जमिनीवर फुलं पसरलेली होती. एक म्हातारी बाई उकिडवी बसून वेचत होती. दोन्ही हात एकाच वेळी चालत होते. एका हाताचं मूठभर होईपर्यंत दुसऱ्याचं टोपलीत पडायचं, आणि या सगळ्यात फूल दबत नव्हतं. मी थांबले. पाणी प्यायचं निमित्त होतं.

‘जोहार आजी. आज लवकर आलात?’

‘आज आली जी. काल लगीन होतं गावात. काल येणं झालं नाही.’

‘मग आज दुप्पट मिळेल तुम्हाला.’

तिने मान वर केली नाही. हात चालूच होते. ‘दुप्पट कुठून भेटते जी? झाड काय साठवून ठेवते? कालचा काल पडला. हरणानं खाल्ला, ढोरानं खाल्ला, उन्हानं गेला. आजचा आहे तेवढा येचते.’

तिच्या बोलण्यात हळहळ नव्हती. तिचे हात झाडाखाली एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकत होते, पण घाईने नाही. काल हुकलं म्हणून आज ती अंधारात एकटी जंगलात घुसली नव्हती, की कुणाच्या वाटणीच्या झाडाकडे वळली नव्हती. लग्नात नाचली असेल, जेवली असेल, झोपली असेल, आणि उजाडल्यावर आपल्या झाडाखाली येऊन बसली होती.

तिच्या कष्टाची आणि माझ्या व्यायामाची बरोबरी करता येणार नाही. तिची टोपली म्हणजे तिचं तेल-मीठ आहे, आणि एका दिवसाचा मोह जाणं म्हणजे खरोखरचं नुकसान आहे. मी धावले नाही तर माझ्या घरची चूल विझत नाही. पण म्हणूनच मला ते लागलं. जिचं खरं नुकसान झालं होतं ती कालचा दिवस डोक्यावर घेऊन आली नव्हती, आणि जिचं काहीच बुडालं नव्हतं ती मी पाच दिवस एका मंगळवारचं ओझं वाहत होते.

परतीच्या वाटेवर मला माझा वर्ग आठवला. या दिवसांत चार-दोन मुलं मोह वेचायला जातात, शाळेला दांडी पडते. ती परत येतात तेव्हा मी त्यांच्यापुढे मागचे सगळे धडे एकदम ठेवत नाही. ठेवले तर मूल उद्या येणारच नाही, हे वीस वर्षांच्या नोकरीने शिकवलं आहे. मी त्याला आजच्या धड्यात बसवून घेते. मागचं हळूहळू आपोआप जागेवर येतं. दुसऱ्याच्या लेकरासाठी माझ्याजवळ असलेली ही समजूत मी स्वतःसाठी कधी वापरली नव्हती. संसार आणि नोकरी सांभाळून काहीतरी करू पाहणाऱ्या किती जणांचं असंच होत असेल. कुणाचा रियाज, कुणाचं वाचन, कुणाचा पहाटेचा सूर्यनमस्कार. एक दिवस हुकतो, मग त्या दिवसाचं देणं दुसऱ्यावर चढतं, देणं वाढत जातं, आणि एका सकाळी माणूस ती गोष्टच सोडून देतो. सोडायला लावतो तो हुकलेला दिवस नसतो. त्याची भरपाई करण्याचा हट्ट असतो.

गावात शिरताना दूध घेतलं. सहा किलोमीटर झाले होते आणि दम अगदी ठीक होता. मंगळवार चुकला होता हे पायांना माहीतही नव्हतं. घरी सासूबाई अंगणात खुर्ची टाकून कोवळ्या उन्हात बसल्या होत्या. ‘थकली का गं?’ म्हणाल्या. मी नाही म्हटलं आणि त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. गार होतं.

चहा टाकला आणि दिनदर्शिकेसमोर उभी राहिले. रविवारच्या कोपऱ्यात सहाचा आकडा लिहिला. मग नजर मंगळवारवर गेली. आठवडाभर मी ज्याला रिकामा म्हणत होते त्या चौकोनात माझ्याच घाईच्या अक्षरात लिहिलेलं होतं: ‘ताप १०१. गोळी पहाटे ५.’