दारी आलेला ओझेकरी

गेल्या महिन्यातील एकादशीचे भजन आटोपल्यावर मंदिरातच समितीची एक लहानशी बैठक झाली. विषय साधा होता. जे वृद्ध सभासद आता मंदिराच्या पायऱ्या चढू शकत नाहीत, त्यांच्या घरी प्रसादाचा डबा कोणी पोहोचवावयाचा? पूर्वी हे काम करणारा मुलगा नोकरीनिमित्त वापीस गेला आहे. बोलणे लांबले तेव्हा एका उत्साही सभासदांनी आपल्या फोनवर एक चित्रफीत दाखविली. परदेशातील कोठल्याशा गावी पदपथावरून सहा चाकांची एक पांढरी पेटी आपली आपण चालली आहे, रस्ता ओलांडण्यापूर्वी थबकते आहे, आणि एका घरासमोर जाऊन उभी राहते आहे. घरधनिणीने झाकण उघडून आतील जिन्नस घेतले आणि पेटी आल्या वाटेने परत फिरली. "असा एखादा रोबो आपणही घेऊ," ते गृहस्थ म्हणाले, आणि सारे हसले. आम्हीही हसलो. एक भगिनी मात्र हसल्या नाहीत. त्यांचा मुलगा पाठीवर चौकोनी पिशवी बांधून, दुचाकीवरून, उधना-पांडेसरा भागात लोकांची जेवणे घरपोच करतो. त्यांच्या त्या न हसण्याने आम्हांस हे चार शब्द लिहावयास लावले.

ती पेटी काही कल्पनेतील नव्हे. एस्टोनिया देशात २०१४ साली निघालेल्या स्टारशिप नावाच्या कंपनीची अशी वाहने इंग्लंडातील मिल्टन कीन्स या शहरात २०१८ पासून वाणसामान पोहोचवू लागली. अमेरिकेतील विद्यापीठांच्या आवारांतही ती हिंडतात. वेग माणसाच्या चालीइतका, ताशी सुमारे ६ किलोमीटर. आपल्या गुजरातेतही याच जातीचा एक प्रयोग होऊन गेला आहे. २७ मे २०२२ रोजी टपाल खात्याने कच्छमध्ये भुज तालुक्यातील हबाय गावाहून भचाऊ तालुक्यातील नेर गावी ड्रोनने एक पार्सल धाडले. ४६ किलोमीटरचे अंतर २५ मिनिटांत कापले गेले, आणि आत वैद्यकीय सामान होते. त्या रुक्ष मुलखातील एखाद्या आजाऱ्यास अर्ध्या तासात औषध मिळणार असेल, तर अशा यंत्रास नावे ठेवण्याइतके निष्ठुर आम्हांस व्हावयाचे नाही.

आणि ओझ्याचे कौतुक तरी कोणी करावे? रिंग रोडवरील कापड बाजारात भर उन्हाळ्याच्या दुपारी जाऊन पाहावे. पाठीवर गाठोडे घेऊन कमरेत वाकलेला हमाल जिना चढत असतो. त्याचा चेहरा आपणांस दिसत नाही, दिसते ते गाठोडे. श्रमाची महती गाणारे बहुधा ते स्वतः वाहत नसतात. ते ओझे उद्या यंत्राने उचलले तर त्या पाठीस जो विसावा मिळेल तो पुण्याचाच म्हणावा लागेल. परंतु खांद्यावरून ओझे उतरते तेव्हा त्याच्याबरोबर ताटातील भाकरीही उतरते काय, हा खरा प्रश्न आहे, आणि सुरतेस तो नवा नाही.

आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबांची सुरतेतील कहाणी मागांच्या खडखडाटात सुरू झाली. धुळे, नंदुरबार, जळगावकडील शेती पिकेनाशी झाली म्हणजे सुरत-भुसावळ गाडी पकडावयाची आणि कोणा गाववाल्याच्या ओळखीने मागावर उभे राहावयाचे, हा त्या काळचा रिवाज. तो माग ज्यांनी चालविला त्यांना धोटा ठाऊक आहे. धोटा म्हणजे तरी काय? बाण्याचा दोरा या काठापासून त्या काठापर्यंत पोहोचविणारा ओझेकरीच तो. १७३३ साली इंग्लंडात जॉन के याने धोटा दोरीच्या हिसक्याने फेकण्याची युक्ती काढली, तेव्हापासून त्याची धाव वाढतच गेली. आता वॉटरजेट मागावर धोटाच नाही. पाण्याची एक बारीक चिळकांडी दोरा ओढून नेते. धोटा गेला याचे दुःख कोणी करू नये. त्याच्या आवाजाने कान बधिर होत. पण त्या धोट्यापाशी उभा राहणारा कारागीर कोठे गेला? कोणी नवे यंत्र शिकला, कोणी रिक्षा घेतली, कोणी एखाद्या इमारतीच्या फाटकावर पहारेकरी म्हणून बसला. आणि त्यांच्यापैकी कित्येकांचे मुलगे आज पाठीवर चौकोनी पिशवी घेऊन हिंडत आहेत. बापाचा धोटा गेला. आता मुलाची पिशवी जाणार काय, असे त्या भगिनींच्या मनात आले असेल तर त्यात नवल काय?

महात्माजींनी १९०९ साली 'हिंद स्वराज'मध्ये यंत्रांविषयी फार कठोर लिहिले होते. पुढे १९२४ मध्ये त्यांनी खुलासा केला की आपला विरोध यंत्राला नसून त्याच्या हव्यासाला आहे. आणि शिवणयंत्रास तर त्यांनी अपवादच मानले. पत्नीचे शिवणाचे कष्ट पाहून एका मनुष्याने कळवळ्याने ते यंत्र घडविले, अशी त्यांची समजूत होती. इतिहास कसाही असो, त्यातील कसोटी आम्हांस मोलाची वाटते: हे यंत्र कोणाच्या कळवळ्यापोटी आले? ती सहा चाकांची पेटी ओझेकऱ्याच्या पाठीची दया येऊन कोणी केली, असे म्हणणे कठीण आहे. आणि ती तरी सर्वस्वी आपली आपण कोठे चालते? अमेरिकेतील बर्कली शहरात अशाच लहान गाड्या जेवणे पोहोचवीत, तेव्हा दूर कोलंबिया देशात बसलेली माणसे पडद्यावर पाहून त्यांना वाट दाखवीत. म्हणजे माणूस नाहीसा झाला नव्हता, तो दिसेनासा झाला होता एवढेच.

या ठिकाणी एक अप्रिय गोष्ट बोलणे प्राप्त आहे. ती पेटी सुरतेच्या रस्त्यांवर अद्याप का दिसत नाही? आपल्याकडे पदपथ नाहीत, असलेच तर त्यांवर दुकाने मांडलेली असतात, गुरे बसलेली असतात, हे खरे. पण त्याहून मोठे कारण असे की आपल्याकडे माणूस त्या पेटीपेक्षा स्वस्त आहे. पावसाळ्यात मीठी खाडीला पाणी चढले म्हणजे लिंबायतच्या गल्ल्या भरतात. तशा पाण्यात कोणताही मालक आपले महागाचे यंत्र उतरविणार नाही. बिघडले तर दुरुस्तीचा खर्च त्याच्याच माथी. मुलगा मात्र गुडघाभर पाण्यातून दुचाकी ढकलीत जातो. दुचाकी त्याची, पेट्रोल त्याचे, आणि ताप आला तर बुडालेला रोजही त्याचाच. यंत्राला विसावा लागतो हे आपण लगेच समजून घेतो, कारण विजेवाचून ते थांबते. माणूस थांबत नाही, म्हणून त्याला विसाव्याची गरज नाही असे आपण धरून चालतो. तेव्हा आपल्या गावी अजून माणसेच दारी येतात याचा अभिमान बाळगण्यापूर्वी आपण थोडा विचार केलेला बरा.

अशा कामगारांची संख्या थोडीथोडकी नव्हे. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालात २०२०-२१ साली देशात असे ७७ लाख कामगार असल्याचा अंदाज दिला असून २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील असे म्हटले आहे. त्यांचे नाव घेणारा सामाजिक सुरक्षा संहितेचा कायदा २०२० साली झाला आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आला. त्यांना काम देणाऱ्या कंपन्यांनी आपल्या वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम त्यांच्या सुरक्षेसाठी द्यावी, मात्र ती कामगारांच्या मोबदल्याच्या ५ टक्क्यांहून अधिक नसावी, अशी त्यात तरतूद आहे. उद्या पेटीच माल पोहोचवू लागली तर मोबदला घेणारा कामगार उरणार नाही, आणि ५ टक्के कशाचे धरावयाचे हा प्रश्न पडेल. कायदा करणाऱ्यांनी याचा विचार आताच करावा.

परंतु कायद्याच्या आधी आपला उंबरठा येतो. आम्ही राहतो त्या इमारतीत सामान आणणाऱ्यांनी लिफ्ट वापरू नये अशी पाटी आहे. ती लागली त्या सभेस आम्ही हजर होतो आणि आम्ही हात वर केला नाही, विरोधालाही नाही. पाचव्या मजल्यावरील दार अर्धवट उघडते, एक हात बाहेर येतो, चार आकडे सांगितले जातात, दार लागते. त्या मुलाचे तोंड आपण पाहिलेले नसते. यंत्र येऊन त्याची जागा घेईल ही भीती खरी आहे. पण आपल्या हिशेबी तो केव्हाच यंत्र झालेला आहे, आणि हे काम कोणा परदेशी कंपनीने केलेले नाही.

पैठणास नाथांच्या घरी श्रीखंड्या बारा वर्षे कावडीने पाणी भरीत होता, ही कथा आपण कीर्तनात कितीदा ऐकली आहे. पुढे द्वारकेहून एक ब्राह्मण भगवंताच्या शोधात पैठणास आला, तेव्हा कळले की पाणी भरणारा साक्षात श्रीकृष्ण होता. कथेकरी येथे देवाच्या भक्तवात्सल्याचे वर्णन करतात, आणि ते योग्यच आहे. आमचे मन मात्र नेहमी नाथांच्या हळहळीपाशी अडते. ज्याच्या घरी भुकेल्याला पंगत आणि तहानेल्या गाढवाला कावडीतील गंगोदक मिळाले, अशा पुरुषासही आपल्या घरी पाणी कोण आणतो हे उमजले नाही. मग आपली काय कथा!

याची दुसरी बाजूही आम्ही ऐकली आहे, आणि ती न सांगणे अन्यायाचे होईल. लेख लिहिण्यापूर्वी एका वृद्ध सभासद बाईंशी बोललो. त्या एकट्या राहतात. त्यांचे म्हणणे असे की अनोळखी माणसास दार उघडताना छातीत धडधडते. पेटी आली तर बरेच होईल. लगेच त्यांनीच पुढे सांगितले की औषधाच्या दुकानाचा एक मुलगा येतो, तो बाटलीचे घट्ट झाकण सैल करून देतो आणि गोळ्यांवरील बारीक अक्षरे वाचून दाखवितो. "पेटी हे करील का?" असे आम्ही विचारले नाही. त्या स्वतःच काही वेळ गप्प राहिल्या.

आता त्या बैठकीकडे परत येतो. सभा संपल्यावर आम्ही त्या भगिनींपाशी गेलो आणि हसल्याबद्दल दिलगिरी दाखविली. त्या म्हणाल्या, "भाऊ, राग कशाचा? माझ्या लेकाच्या पाठीवरची पिशवी उतरली तर मी देवाला नारळ फोडीन. फक्त ती उतरल्यावर त्याने सकाळी उठून कोठे जायचे, तेवढे कोणी सांगा." आम्हांपाशी उत्तर नव्हते. त्यांचा मुलगा बारावी झाला आहे, हाताने हुशार आहे, दुचाकीची लहानसहान दुरुस्ती घरीच करतो. आपल्या समाजात कारखानदार आहेत, यंत्रांची देखभाल करणारे कारागीर आहेत, तंत्रशाळांत शिकविणारेही आहेत. अशा मुलांना रात्रीच्या वेळी यंत्रांचे काम शिकविता येईल काय, हा विषय पुढील एकादशीच्या बैठकीत घेतला आहे. ज्यांना आठवड्यातून दोन तास देता येतील त्यांनी अवश्य यावे.

प्रसादाच्या डब्यांचा प्रश्न तूर्त असा सुटला आहे की समितीचे तिघे सभासद ते वाटून नेतात. आमच्या वाट्यास आलेल्या घरांपैकी एक चौथ्या मजल्यावर आहे. तेथेही तशीच पाटी आहे, म्हणून आम्ही जिन्याने चढतो.