जीर्णोद्धार आणि खरेपण

मोडले ते जोडावे, गंजले ते घासावे, हरवले ते शोधून आणावे. जुनी वस्तू दुरुस्त करणे हे वरकरणी इतके सोपे वाटते. परंतु काम संपल्यावर जी वस्तू समोर उभी राहते ती 'तीच' आहे, असे आपण कोणत्या आधारावर म्हणतो? हा प्रश्न निव्वळ तर्ककुशल पंडितांचा नाही. पुण्याहून कात्रज ओलांडले की कापूरहोळहून भोर व वरंधा घाटाकडे, आणि नसरापूरहून वेल्ह्याकडे रस्ते जातात. सुटीच्या सकाळी तेथे एखादी जुनी इंग्रजी मोटारसायकल घाट चढताना दिसते, आणि तिच्या तकतकीत टाकीकडे पाहताना आमच्या मनात हा प्रश्न हटकून येतो.

बी. एस. ए. कंपनीच्या गोल्ड स्टारचेच उदाहरण घेऊ. ३० जून १९३७ रोजी वॉल हँडली याने इंग्लंडमधील ब्रुकलँड्सच्या शर्यतपथावर या कंपनीची एम्पायर स्टार ताशी १०० मैलांहून अधिक वेगाने पिटाळली. अशा फेरीबद्दल तेथे सोनेरी ताऱ्याचे पदक मिळत असे. पुढील वर्षीच्या नव्या गाडीस त्यावरूनच नाव मिळाले. तिचे सर्वांत नावाजलेले रूप म्हणजे १९५६ ते १९६३ या काळातील डीबीडी ३४. मोठ्या तोंडाचा आमल जीपी कार्ब्युरेटर आणि शर्यतीसाठी जुळवलेला गिअरबॉक्स ही तिची ओळख. गंमत अशी की गोल्ड स्टार गाड्या गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे, कोणी शर्यतीसाठी तर कोणी प्रवासासाठी, निरनिराळ्या सामानानिशी घेत असत. मालक पुढे स्वतःही वेगाचे भाग चढवीत. तेव्हा 'मूळ स्वरूप' म्हणजे कारखान्याच्या दारातले, की मालकाने घडविलेले? त्याच काळातील शर्यतीचा भाग बसविला म्हणजे गाडी भ्रष्ट झाली, असे म्हणणारा शुद्धिवादी आम्हांस पटत नाही.

मात्र याच सवलतीच्या आडून लबाडीही शिरते. बी ३१ आणि बी ३३ या गोल्ड स्टारच्या साध्या, स्वस्त बहिणी. त्यांना त्या काळचे वेगाचे भाग चढवून, टाकीवर तारा लावून गोल्ड स्टार म्हणून विकण्याचे प्रकार जुनेच आहेत. जाणकार खाली वाकून सांगाड्याची उजवी खालची नळी पाहतो; पुढील काळातील अस्सल गाडीत तेल-पंपाला जागा देण्यासाठी ती किंचित वाकविलेली असते. मग तो इंजिनाचा आणि सांगाड्याचा क्रमांक ताडून पाहतो. येथे प्रत्येक भाग खरा असू शकतो आणि तरीही सगळी गाडी खोटी असू शकते!

आपल्याकडे प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. दुसऱ्या महायुद्धात बी. एस. ए.ने सैन्यासाठी सव्वा लाखांच्या आसपास एम २० गाड्या बनविल्या. त्यांतील पुष्कळ हिंदुस्थानात आल्या आणि युद्धानंतर खासगी मालकांकडे गेल्या. पुढे आयातीवर निर्बंध आले, सुटे भाग मिळेनासे झाले. तेव्हा मिस्त्रींनी लेथवर बुश कातले, दुसऱ्या वाहनाचे पिस्टन घासूनपुसून बसविले, तुटलेल्या पट्ट्या झाळून दिल्या. त्या हातांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत. आज एखादा हौशी माणूस इंग्लंडहून पैसे मोजून अस्सल भाग मागवितो आणि हे सारे भंगारात टाकतो. एम २० ही तर संथपणे ओझे वाहणारी गाडी. तिच्यावर शर्यतीचे सामान चढविले तर जी तरुणाई तिने कधी अनुभवलीच नाही ती आपण तिला बहाल करतो, आणि जे कष्टाचे आयुष्य ती खरोखर जगली ते पुसून टाकतो.

वेल्ह्याच्या वाटेवरून दिसणारा राजगड जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला. अशा वास्तूंच्या दुरुस्तीसंबंधी १९६४ च्या व्हेनिस सनदेत दोन गोष्टी सांगितल्या आहेत: जेथे केवळ अंदाज सुरू होतो तेथे जीर्णोद्धार थांबावा, आणि नवी भर एकूण वास्तूशी सुसंगत असली तरी जुन्यापासून वेगळी ओळखू यावी. तटबंदीला जे लागू ते मोटारसायकलीला का नसावे? अर्थात मोटारसायकल चालली पाहिजे. ब्रेक जुना म्हणून निकामी ठेवणे हा शहाणपणा नव्हे.

सरकारनेही या वादात पाऊल टाकले आहे. जुलै २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुने वाहन, सांगाडा व इंजिन यांत मोठा फेरफार नसेल आणि मूळ स्वरूप राखले असेल, तरच 'व्हिंटेज' ठरते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून नोंदणी दहा वर्षे टिकते. त्यामुळे 'मूळ' या शब्दाखाली सही करणारा माणूस आता केवळ हौस मिरवीत नाही, तो साक्ष देत असतो. उद्या त्याच्या पश्चात मुले गाडी विकतील, तेव्हा घेणारा त्याच कागदावर विसंबेल.

म्हणून आमचा आग्रह वेगाच्या भागांविरुद्ध नाही. ते जरूर बसवावेत. पण कोणता भाग केव्हा, कोठून आणला याची एक वही गाडीबरोबर असावी. आणि काढलेला तो देशी बुश, कातणाऱ्याच्या हत्याराचे वळ अजून अंगावर असलेला, चिठ्ठी बांधून डब्यात ठेवावा. गाडी विकली गेली तर डबाही तिच्याबरोबर जावा.