बिनमालकीच्या जमिनीचा पहिला धनी

सातबाऱ्याच्या मागे मागे जात राहिलं, की फेरफार, वाटण्या, खरेदीखतं सगळं संपतं आणि एक अडचणीचा प्रश्न उरतो: ज्याने ही जमीन पहिल्यांदा ‘माझी’ म्हटली, त्याची ती झाली कशी? लिबर्टेरियन विचारवंतांना हा प्रश्न टाळता येत नाही. राजीखुशीच्या व्यवहारानेच मालकी न्यायाने पुढे सरकते, असं ते मानतात. मग मुळातच खोट निघाली, तर पुढची सगळी कागदपत्रं संशयात येतात.

उत्तराची सुरुवात बहुतेक जण इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकपासून करतात. कल्पना त्याच्याही आधीची आहे. शेत रान तोडणाऱ्याचं आणि हरिण पहिला बाण मारणाऱ्याचं, हे मनुस्मृतीतही सापडतं. लॉकने १६८९च्या आपल्या ग्रंथात त्यामागचं कारण सांगितलं. ओकखाली पडलेली फळं एखाद्याने वेचून खाल्ली, तर ती त्याची कधी झाली? पचली तेव्हा, शिजवली तेव्हा, की घरी आणली तेव्हा? लॉक म्हणतो, वेचली त्याच क्षणी. सगळ्या मानवजातीची संमती घेत बसला असता, तर तो उपाशी मेला असता. देह माझा, म्हणून श्रम माझे. श्रम ज्यात मिसळले ते माझं. मात्र इतरांसाठी पुरेसं आणि तितकंच चांगलं उरलं पाहिजे, आणि नासून जाईल इतकं कुणी घेऊ नये.

तर्क देखणा आहे, पण त्याला एक वास येतो. लॉकच्या लेखी अमेरिकेतल्या मूळ रहिवाशाने मारलेलं हरिण त्याचं. ज्या रानात तो पिढ्यान्‌पिढ्या शिकार करत आला, ते मात्र पडीक, म्हणजे नांगर घेऊन येणाऱ्याला मोकळं. कॅरोलिना वसाहतीच्या मालकांचा सचिव म्हणून लॉकने काम केलं होतं. श्रम कशाला म्हणायचं, हे इथे नांगरवाल्यानेच ठरवलं.

एकोणिसाव्या शतकात इंग्रज विचारवंत हर्बर्ट स्पेन्सरने १८५१ सालच्या आपल्या ग्रंथात जमिनीची खासगी मालकीच अन्याय्य ठरवली आणि त्याच्या १८९२च्या आवृत्तीतून ते प्रकरण गाळलं. अमेरिकी अर्थविचारक हेन्री जॉर्जने त्याच वर्षी स्पेन्सरवर अख्खं पुस्तक लिहून त्याचा हिशेब चुकता केला.

खरी कोंडी रॉबर्ट नोझिकने १९७४ साली दाखवली, तीही लिबर्टेरियनांच्या घरातला माणूस असून. माझ्या मालकीचा डबाभर टोमॅटोचा रस मी समुद्रात ओतला. त्याचे कण सगळीकडे पसरले, तर समुद्र माझा झाला, की माझा रस वाया गेला? श्रम मिसळण्याच्या कल्पनेतली हवा एवढ्या एका प्रश्नाने निघून जाते. मग नोझिकने भर दिला तो लॉकच्या अटीवर, पण ती सैल करून: वस्तू बिनमालकीची राहिली असती त्यापेक्षा इतरांची स्थिती वाईट होऊ नये. वाळवंटातले बाकीचे सगळे पाणवठे आटले असतील, तर उरलेल्या एकाच्या मालकाला मनमानी दाम लावता येणार नाही. मला ही अट फारच स्वस्त वाटते. बिनमालकीच्या उजाड जगाशी तुलना केली, तर जवळजवळ कुठलीही मालकी पास होते.

दुसरा लिबर्टेरियन मरे रॉथबार्ड, त्याने ही अट सरळ फेकून दिली. पहिला वापर करणारा तो मालक, बस्स. पण त्याने दुसरं टोक पक्कं धरलं: वापरलं असेल तेवढंच मिळेल. बेटावर उतरून सगळं बेट माझं म्हणून ओरडणाऱ्या क्रूसोच्या वाट्याला फक्त त्याने वसवलेला तुकडा येतो. आणि राजाच्या सनदेवर जमीनदार झालेला माणूस मालकच नव्हे. खरा मालक कसणारा, आणि त्याच्याकडून घेतलेला खंड म्हणजे लूट. भांडवलशाहीचा हा कट्टर पाठीराखा ‘कसेल त्याची जमीन’ या घोषणेच्या दारात येऊन उभा राहतो, हे त्याच्या आजच्या अनेक चाहत्यांना आठवत नाही. मालकांची बाजू मांडायला म्हणून उचललेला हा सिद्धांत प्रामाणिकपणे चालवला, तर मालकांचीच उलटतपासणी घेतो. त्याची किंमत मी त्यावरच ठरवेन.

अमेरिकेतले मळे मुक्त झालेल्या गुलामांना मिळायला हवे होते, असंही रॉथबार्डने याच न्यायाने लिहिलं. जानेवारी १८६५ मध्ये, यादवी युद्ध चालू असताना, उत्तरेच्या जनरल शर्मनच्या हुकमाने साउथ कॅरोलिना आणि जॉर्जियाच्या किनारपट्टीवर अशा कुटुंबांना ४० एकरांपर्यंत जमीन द्यायला सुरुवात झाली होती. वर्ष सरायच्या आत अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी ती जुन्या मळेवाल्यांना परत द्यायला लावली.