पाचवीची परीक्षा आणि ब्लूमचा पंधरवडा

‘ढकलपास बंद’ अशी बातमी आली, की पालक-शिक्षकांच्या घोळक्यात कुणीतरी म्हणतेच : चला, त्या सातत्यपूर्ण मूल्यमापनाच्या खुळातून सुटलो, परीक्षाच नव्हत्या म्हणून पोरांचे वाटोळे झाले. केंद्राने डिसेंबर २०२४ मध्ये नियम बदलले, महाराष्ट्राने २०२३ मध्येच. आता पाचवी-आठवीत वर्षअखेर परीक्षा, नापासांना दोन महिन्यांत पुनर्परीक्षा आणि तीही हुकली तर पुन्हा तोच वर्ग. परीक्षेला माझा विरोध नाही. पण जे आपण कधी केलेच नाही, त्याला फसल्याबद्दल शिक्षा होते आहे.

मुलाला वर्गात अडकवू नये, हा विचार लाडातून आलेला नाही, आकड्यांतून आला आहे. १९२२-२३ मध्ये पहिलीत असलेल्या शंभर मुलांपैकी १९२५-२६ मध्ये चौथीत अठराच उरली, हे हार्टॉग समितीने १९२९ साली मांडले. समितीचा कल मात्र विस्तार आवरण्याकडे होता. जे. पी. नाईक ज्याचे सचिव होते त्या कोठारी आयोगाने उलट बाजूने पाहिले आणि पहिली-दुसरी हा सलग एकच टप्पा मानावा असे सुचवले. पुढे मुलाला न अडकवण्याचा हाच विचार १९८६ च्या शिक्षण धोरणात आणि २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात आला. हा प्रवास सर्वांना ठाऊक आहे.

घोटाळा होतो तो मधल्या एका वळणावर. बेंजामिन ब्लूमचे उद्दिष्टांचे वर्गीकरण डी.एड.पासून सगळ्यांना पाठ असते. त्याचा १९६८ चा प्रभुत्व-अध्ययनावरचा लेख फारसा कुणी उघडत नाही. मानसशास्त्रज्ञ जॉन कॅरोलने १९६३ मध्ये म्हटले होते, की मुलामुलांत फरक असतो तो मुख्यतः शिकायला लागणाऱ्या वेळाचा. ब्लूमने त्यावरून वर्गाची घडीच उलटवली. सगळ्यांना सारखा वेळ दिला तर निकाल पांगणारच. मग निकाल सारखा हवा असेल तर वेळ कमीजास्त करा. आठवड्या-पंधरवड्यात एक घटक शिकवायचा, लहानशी चाचणी घ्यायची. तिला श्रेणी नाही. कोण कुठे अडले ते पाहायचे, तेवढेच वेगळ्या पद्धतीने पुन्हा शिकवायचे, मग दुसरी चाचणी.

आता नापास करण्याकडे पाहा. तेही मुलाला जास्तीचा वेळच देते, पण वर्षाने, ठोक, आणि तोच धडा त्याच पद्धतीने. हातच्याची वजाबाकी ऑगस्टमध्ये अडली असेल तर तिच्यासाठी पुढच्या जूनपर्यंत थांबायचे, आणि जे येत होते तेही पुन्हा गिरवायचे! ढकलपासात तर तो वेळही मिळत नाही. ब्लूमच्या नजरेने दोघांत चूक एकच : चाचणी झाल्यावर उद्याचा तास बदलत नाही.

आपल्याकडे २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण मूल्यमापनातले आकारिक मूल्यमापन आणले, तेव्हा चाचणीनंतर तास बदलणे हेच नेमके गळाले. परीक्षा गेल्या नव्हत्या. दोन सत्रांत संकलित चाचण्या होत्याच, शिवाय निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, प्रकल्प, स्वाध्याय अशी साधने आली आणि त्या प्रत्येकाला गुण. मानसशास्त्रज्ञ रूथ बटलरने १९८८ मध्ये दाखवले होते, की नुसता शेरा मिळालेली मुले सुधारली. शेऱ्याजवळ गुण लिहिले की तो फायदा उरला नाही. आपण तर शेरेही तयार घेतले. ‘कविता तालासुरात म्हणतो’ छापाच्या वर्णनात्मक नोंदींच्या पुस्तिका दुकानात मिळू लागल्या आणि रजिस्टरे भरली. शिक्षकांना नावे ठेवणे सोपे आहे, पण साठ मुलांपर्यंतच्या शाळेला कायदा दोन शिक्षक देतो आणि वर्ग असतात चार-पाच. शिवाय अभ्यासक्रम वेळेत ‘संपवायचा’. ब्लूमचा पंधरवडा त्यात बसवायचा कुठे?

नव्या केंद्रीय नियमांतही मागे राखलेल्या मुलाच्या उणिवा शोधून शिक्षकाने विशेष मार्गदर्शन करावे, असे कलम आहे. बातम्यांच्या मथळ्यांत ते येत नाही, कारण मथळा नापासाचा असतो. आणि पुनर्परीक्षेपूर्वीचे ते दोन महिने म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्याची सुट्टी. त्या सुट्टीत जो भागाकार शिकवायचा आहे, तो नोव्हेंबरातल्या चाचणीतच अडलेला दिसला होता; तेव्हा त्या मुलासाठी तीन तासिका कुणी का काढल्या नाहीत, हे मात्र पाचवीच्या निकालपत्रात कुठल्याच रकान्यात विचारलेले नाही.