चेहरा कोणाचा करू?

लालबागमधल्या एका चाळीच्या मंडळाची देखाव्याची मीटिंग शनिवारी रात्री बसली तेव्हा पोरं आधीच तापलेली होती. त्याच आठवड्यात, सोमवारी २१ जुलै २०२५ रोजी, मुंबई उच्च न्यायालयाने २००६च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यातल्या बाराही जणांना निर्दोष ठरवलं होतं. विशेष न्यायालयाने २०१५ साली त्यांच्यातल्या पाच जणांना फाशी सुनावली होती आणि सात जणांना जन्मठेप. फाशीवाल्यांतला एक तर २०२१ साली तुरुंगातच वारला होता.

गणपती २७ ऑगस्टला, हातात जेमतेम महिना. विषय पाच मिनिटांत ठरला. स्टेजच्या मधोमध फाशीचा खांब, दोराला लटकलेला अतिरेकी, मागे फुटलेल्या लोकलच्या डब्याचा पडदा आणि वर पाटी, ‘हाच न्याय’. उद्घाटन आबांच्या हातून करायचं, हेही अध्यक्षाने ठरवून टाकलं.

आबा मिलमध्ये साचेखात्यात होते. १९८२च्या संपात नोकरी गेली, पुढे वॉचमनकी करून त्यांनी मुलाला शिकवलं. मुलगा चर्चगेटला नोकरीला लागला आणि लग्नानंतर खोली पुरेना म्हणून बोरिवलीला गेला. गिरणगावातल्या अनेक घरांची हीच कहाणी आहे. ११ जुलै २००६च्या संध्याकाळी, ऑफिस सुटायच्या गर्दीत, पश्चिम रेल्वेच्या फर्स्ट क्लासच्या डब्यांमध्ये अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड. १८०हून जास्त माणसं गेली. आबांचा मुलगा माहीमच्या पुढे पोचलाच नाही.

२०१५ साली शिक्षा झाली त्या दिवशी आबांनी सगळ्या चाळीत पेढे वाटले होते. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण आबा काही फाशीच्या विरोधातले नव्हते.

कोपऱ्यात मूर्तिकार वहीवर मापं लिहून घेत होता. खांब किती फुटांचा, दोर खरा की कागदी लगद्याचा, बाहुल्याचे हात पुढे बांधायचे की मागे. मग त्याने कामाचंच म्हणून विचारलं, “चेहरा कोणाचा करू?”

“कोणाचा म्हणजे? त्या अतिरेक्याचा.”

“हो, पण कोणाचा? फोटो द्या एखादा.”

एका पोराने मोबाइल काढला आणि सुटलेल्यांपैकी एकाचा फोटो शोधायला लागला. लॉ कॉलेजात शिकणारी चाळीतली मुलगी म्हणाली, “कोर्टाने निर्दोष सोडलेल्या माणसाला तू फासावर लटकवणार? पोलीस परवानगी तरी देतील का?”

“सरकार गेलंय की सुप्रीम कोर्टात!”

“गेलंय. गुरुवारी कोर्टाने एवढंच सांगितलं की हा निकाल दुसऱ्या खटल्यांत दाखला म्हणून वापरायचा नाही. सुटलेल्यांना परत आत टाकायला सांगितलेलं नाही.” तिने निकालाची सुरुवात वाचली होती. न्यायालयाने तिथेच म्हटलं होतं की खऱ्या गुन्हेगाराला शिक्षा होणं आवश्यकच आहे, पण कोणाला तरी उभं करून गुन्हा उलगडल्याचा आभास निर्माण केला तर लोकांना खोटा दिलासा मिळतो आणि खरा धोका मोकळाच राहतो. पोरांना ते ऐकवलं तेव्हा कोणी काही बोललं नाही.

“मग तोंडावर काळी टोपी घाल,” अध्यक्ष म्हणाला. “फाशी देताना घालतातच.”

“घालतो,” मूर्तिकार म्हणाला. “पण बघायला आलेलं पहिलं पोर विचारणार, आत कोण आहे? त्याला तुम्ही काय सांगणार?”

मागून कोणीतरी ओरडलं, “कसाबचा कर रे! त्याचा चेहरा सगळ्या जगाला माहीत आहे.”

इतका वेळ आबा गप्प होते. आता ते बोलले. “कसाबने माझ्या मुलाला मारलं नाही.” थोडं थांबून त्यांनी विचारलं, “आणि त्याचा चेहरा जगाला माहीत कसा झाला, ते सांग बघू?”

सांगायला कोणाला अवघड नव्हतं. २६ नोव्हेंबर २००८ची रात्र, गिरगाव चौपाटीची नाकाबंदी आणि डी. बी. मार्ग पोलीस ठाण्याचे सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे. हातात लाठी. समोर एके-४७. त्यांनी बंदुकीची नळी पकडली, गोळ्या अंगात घेतल्या आणि पकड सोडली नाही. म्हणून मुंबईवर हल्ला करायला आलेल्या दहांपैकी एक, कसाब, जिवंत हाती लागला. तो बोलला. कुठून आले, कोणी पाठवलं, होडी कोणती, हे जगासमोर आलं. पुढे सीएसटीवर पायाला गोळी लागलेली लहान मुलगी कुबडी घेऊन कोर्टात आली आणि तिने त्याला ओळखलं. विशेष न्यायालय, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय, तिन्हीकडे खटला टिकला. २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात फाशी झाली तेव्हा ‘हा नव्हेच’ असं म्हणायला जगात कोणाला जागा उरली नव्हती.

“बघ म्हणजे,” आबा म्हणाले. “चेहरा ओंबळ्यांनी दिला. त्या पोरीने दिला. फाशी त्याच्या नंतर आली.”

“पण आबा, फाशीने जरब बसतेच ना?”

“कोणाला? ते दहा जण मरायलाच आले होते. मरायला आलेल्या माणसाला मरणाची जरब कशी बसवणार?” आबांना तारखा पाठ होत्या. ज्याचं माणूस असं जातं त्याला त्या पाठ होतातच. “कसाबला फाशी सुनावली ६ मे २०१०ला. सगळ्या पेपरांत पहिल्या पानावर होतं. पुढच्याच वर्षी १३ जुलैला झवेरी बाजार, ऑपेरा हाउस आणि इथे दादरला कबुतरखान्यापाशी स्फोट झाले. ज्यांनी ते केलं त्यांनी पेपर वाचला नव्हता?”

अध्यक्ष हार मानणारा नव्हता, आणि त्याचा मुद्दाही हलका नव्हता. “जिवंत ठेवला तर विमान पळवून सोडवून नेतात, आबा. कंदाहार विसरलात? १९९९ला मसूद अझहरला आपणच सोडला. मेलेल्या माणसाला कोणी सोडवून नेत नाही.”

“ते खरं आहे,” आबांनी मान्य केलं. लॉच्या मुलीनेही मान हलवली. फाशीमुळे जन्मठेपेपेक्षा जास्त वचक बसतो याचा पुरावा नाही, असं विधी आयोगाने २०१५च्या अहवालात लिहिलं, ती रद्द करा असंही सांगितलं, पण दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध एवढे गुन्हे त्याच अहवालाने बाजूला ठेवले, हे तिने सांगितलं. मला विचाराल तर ही चर्चा इथेच अडकते. फाशी असावी की नसावी यावर आपण रात्रभर भांडतो, आणि दोराखाली उभा केलेला माणूस तोच आहे का, हे विचारायचं राहून जातं.

दारात उभ्या असलेल्या एका काकूंनी मध्येच शक्ती मिलचं काढलं. महालक्ष्मीची बंद गिरणी, इथून लांब नाही. दिल्लीच्या निर्भया बलात्कार प्रकरणानंतर २०१३च्या सुरुवातीलाच कायदा कडक झाला, पुन्हा बलात्कार करणाऱ्याला फाशीपर्यंतची तरतूद आली. त्याच वर्षी जुलैत या गिरणीत एका मुलीवर सामूहिक बलात्कार झाला. ती बिचारी पोलिसांत जाऊ शकली नाही. ऑगस्टमध्ये त्याच टोळक्यातल्यांनी तिथेच दुसऱ्या मुलीला गाठलं. ती दवाखान्यात गेली, बोलली, तेव्हा कुठे ते पकडले गेले आणि मग पहिलीनेही तक्रार दिली. “कायदा कडक झालेला होता की!” काकू म्हणाल्या. “पण जुलैत केलं ते पचलं, मग ऑगस्टला त्यांना कशाची भीती?” तिघांना २०१४ साली फाशी सुनावली गेली. २०२१ साली उच्च न्यायालयाने ती बदलून मरेपर्यंत जन्मठेप केली. काकूंना त्यातलं काही नको होतं. त्यांना जुलै आणि ऑगस्टच्या मधले ते आठवडे परत हवे होते.

आबांनी मग विषय बदलला, निदान पोरांना तसं वाटलं. “होळीच्या रात्री पुलाखाली काय झालं?”

कोणी वर बघेना. भुर्जीपावच्या गाडीवर काम करणाऱ्या पोराला नाक्यावरच्या एकाने उधारीवरून सुरा मारला होता. पोरगा वाचला, पण त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं अजून वळत नाहीत. मंडळाची सहा पोरं तिथे होती. पोलीस चौकशीला आले तेव्हा सहाही जणांनी ‘आम्ही नव्हतो’ म्हणून सांगितलं. मारणारा जामिनावर सुटला आणि संध्याकाळी त्याच नाक्यावर उभा राहतो.

“त्याला काय शिक्षा व्हावी?” आबांनी विचारलं.

“जन्मठेप!” दोघे एकदम म्हणाले.

“आहेच,” मुलगी म्हणाली. “पूर्वीचं तीनशेसात, आता भारतीय न्याय संहितेचं कलम १०९. जखम झाली असेल तर जन्मठेपेपर्यंत.”

“पुस्तकात जन्मठेप, आणि तो नाक्यावर चहा पितोय,” आबा म्हणाले. “त्याला पुस्तकाची भीती नाही रे. त्याला पक्कं माहीत आहे की तुम्ही सहा जण बोलणार नाही. फाशी लिहून ठेवा, तरी तो तसाच उभा राहील.”

“आबा, बोलायला काय जातं? उद्या आमच्यावर सुरा चालला तर?”

हा प्रश्न खोटा नव्हता. साक्षीदाराच्या घरी रात्री माणसं येतात, खटला वर्षानुवर्षं चालतो, तारखेला गेलं की त्या दिवसाचा पगार बुडतो. साक्षीदार फितूर होतात ते सगळेच पैसे खाऊन होत नाहीत. आबांनी त्याला भित्रा म्हटलं नाही. एवढंच म्हणाले, “माझ्या मुलाच्या खटल्यात कोणीतरी खरं बघितलेलं असेलच. टॅक्सीवाला, प्लॅटफॉर्मवरचा हमाल, कोणीतरी. तो कुठे आहे, हे मी एकोणीस वर्षं शोधतोय. मला फाशी बघायची होती, पोरांनो. आता वाटतं, आधी खरा माणूस बघायचा होता.”

देखावा बदलला का? हो, पण त्यावरून बरीच भांडणं झाली. दोन मोठे वर्गणीदार नाराज झाले, अध्यक्ष तर आठवडाभर मंडपाकडे फिरकलाच नाही. मूर्तिकाराने ओंबळ्यांची बंदूक धरलेली मूर्ती केली आणि ती चांगली झाली.

मला जास्त मोलाची वाटणारी गोष्ट त्या मीटिंगनंतरच्या सोमवारी झाली. सहांपैकी दोघे पोलीस ठाण्यात गेले. मीटिंगमध्ये सगळ्यात मोठ्याने ओरडणारे ते नव्हते. एक मंडळाचा खजिनदार आणि दुसरा त्याचा मावसभाऊ, जो एरवी कधी तोंड उघडत नाही. लॉची मुलगी सोबत होती. वाटेत नाक्यावर तो उभाच होता, आणि हे कुठे निघालेत ते त्याला कळलं असणार.

अधिकाऱ्याने जबाब लिहायला घेतला आणि पहिलाच प्रश्न विचारला. मार्चमधली घटना, आता जुलै संपत आला, इतके दिवस का गप्प होतात? हा उशीर कोर्टात बचावाचा वकील काढणारच.

खजिनदार म्हणाला, “साहेब, भीती वाटत होती. अजून वाटते. तेही लिहून घ्या.”

अधिकाऱ्याने लिहून घेतलं. मग त्याने मावसभावाचं नाव विचारलं.