चूक कोणाच्या नावावर?

२०२५ च्या उन्हाळ्यात आम्ही उभयता मुलाकडे सॅन फ्रान्सिस्कोला गेलो होतो. पहिले चार दिवस झोपेचे गणित जुळण्यात गेले. पाचव्या दिवशी मुलगा म्हणाला, "बाबा, आज तुम्हांला ड्रायव्हर नसलेल्या गाडीतून फिरवून आणतो." ज्याची उभी नोकरी बसगाड्यांच्या आगारात, ड्रायव्हर लोकांच्या संगतीत गेली, त्याला असे सांगणे म्हणजे देवळाच्या गुरवाला देव नसलेला गाभारा दाखवायला नेण्यासारखे होते. पण कुतूहल काही वय विचारून येत नाही. मी निघालो.

गाडी दारात येऊन उभी राहिली. पांढरी जॅग्वार, डोक्यावर काळी टोपी, अंगभर २९ कॅमेरे. पुढची खुर्ची रिकामी. आम्ही मागे बसलो, आणि समोरचे चाक आपले आपणच वळू लागले. आमच्या सौभाग्यवतींनी पदर सावरून हात जोडले. मला हसू आले. पण माझाही उजवा पाय नकळत ब्रेक चाचपत होता हे कबूल केले पाहिजे. त्या शहराचे चढउतार आपल्या घाटांची आठवण करून देतात. एका चौकात एक वृद्ध बाई काठी टेकत रस्ता ओलांडत होती. गाडी थांबली. बाई पलीकडे पोचेपर्यंत हॉर्न नाही, खेकसणे नाही. उतरताना सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, तुमच्या ड्रायव्हरांपेक्षा सभ्य आहे हो हा!" मला ते लागले, पण खोटे आहे असे म्हणवेना.

ही गाडी वेमो नावाच्या कंपनीची. गूगलने २००९ साली हा उद्योग आरंभला. २०१८ च्या अखेरीस फिनिक्स शहराच्या परिसरात भाडे घेऊन गाड्या धावू लागल्या, आणि २०२४ च्या जूनपासून सॅन फ्रान्सिस्कोत कोणीही त्यांत बसावे असे झाले. आम्ही गेलो तेव्हा कंपनीच्या ताफ्यात दीड हजारांवर गाड्या होत्या. मुलगा चाकाची करामत सांगत होता, आणि मी मनात विचारत होतो, की ह्या गाड्या रात्री उभ्या कुठे राहतात? त्यांना धुते कोण? कोणी छत्री विसरला, कोणाच्या पोराने बैठकीवर ओकारी केली, तर? एक गाडी असली की तो चमत्कार असतो. हजार गाड्या झाल्या की तो संसार होतो, आणि संसार म्हटला की भांडी घासणे आलेच. तिथेही संध्याकाळी गाड्या आगारात येतात, विजेवर पोट भरतात, आणि माणसेच फडकी घेऊन त्या पुसतात. हे ऐकून मला फार बरे वाटले.

ह्या संसारातली एक गंमत मुलाने सांगितली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्याच शहरातल्या एका मोकळ्या जागेत ह्या गाड्या रात्री विसाव्याला येत. दुसरी गाडी मागे सरत अगदी जवळ आली तर हॉर्न वाजवून तिला सावध करावे, अशी सुबुद्धी त्यांना दिलेली होती. एकटीदुकटीने रस्त्यावर ही सुबुद्धी उत्तमच. पण एका अंगणात साऱ्याच जमल्या, तेव्हा पहाटे चार वाजता त्या एकमेकींवर हॉर्न वाजवू लागल्या आणि शेजारपाजारच्यांची झोप उडाली. एकट्याच्या अंगी शोभणारा गुण समुदायात अवगुण होतो, हे आपल्याकडे लग्नघरात राहिलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही.

पण मौज एवढ्यावर संपत नाही. कंपनीने सुधारणा धाडली आणि त्या गप्प झाल्या. २०२४ च्याच मे महिन्यात फिनिक्समध्ये एक रिकामी गाडी गल्लीतल्या लाकडी खांबावर जाऊन आदळली. पुढच्या महिन्यात त्या चुकीवरचा उतारा ताफ्यातल्या सगळ्याच्या सगळ्या ६७२ गाड्यांना देण्यात आला. ठेचकाळली एक, शहाण्या झाल्या ६७२!

मला हेवा वाटला. आमच्या आगारात प्रत्येक नव्या ड्रायव्हरला मी सांगत असे, की घाट उतरताना गिअर मोडू नका, नुसत्या ब्रेकवर विसंबू नका. तो मान डोलावी, आणि पुढे कधीतरी त्याच वळणावर स्वतःची छाती धडधडेपर्यंत त्याला ते कळत नसे. माणसाचे शहाणपण असे आहे. ते वारशाने मिळत नाही. प्रत्येकाला ते रोख पैसे मोजून नव्याने विकत घ्यावे लागते, आणि पुष्कळदा ते पैसे दुसऱ्याच्याच खिशातून जातात. ह्या यंत्रांनी तेवढा शाप चुकवला आहे. जुना ड्रायव्हर आहे म्हणून मी त्यांचे हे श्रेय नाकारणार नाही.

तरीही त्या रात्री मला झोप लागली नाही. ६७२ गाड्या शहाण्या झाल्या हे खरे. पण चूक कोणाच्या नावावर लागली?

आता थोडे घरचे सांगितले पाहिजे. १९८७ च्या जानेवारीत मी ज्या आगारात होतो, तिथे एक ड्रायव्हर होते. वयाने माझ्याहून मोठे. सगळे त्यांना तात्या म्हणत. बावीस वर्षांत त्यांच्या गाडीला ओरखडा नव्हता. एका संध्याकाळी रात्रीच्या गाडीचा ड्रायव्हर आजारी पडला. तात्या नुकतेच दिवसभराची ड्यूटी संपवून डबा धूत होते. मी म्हणालो, "तात्या, एवढी एक फेरी मारा." ते म्हणाले, "साहेब, डोळे चुरचुरताहेत." मी त्यांना चहा पाजला. पहाटे धुक्यात त्यांना डुलकी लागली आणि सायकलवरून दूध घेऊन चाललेल्या एका माणसाला गाडीचा धक्का बसला. जीव वाचला, पाय कायमचा अधू झाला.

अहवाल मी लिहिला. त्यातले प्रत्येक वाक्य खरे होते. वेळ खरी, धुके खरे, रस्त्यावरच्या टायरच्या खुणा खऱ्या, चालकाची डुलकीही खरी. फक्त तात्या सलग दुसऱ्या ड्यूटीवर होते, आणि त्यांना पाठवले होते मी, ही एक ओळ त्यात नव्हती. तात्याही बोलले नाहीत. त्यांची वेतनवाढ रोखली गेली, ठपका नोकरीच्या पुस्तकात कायमचा बसला. पुढे निवृत्त होईपर्यंत आणि नंतरही, दर संक्रांतीला ते तिळगुळाची पुडी घेऊन त्या दूधवाल्याच्या घरी जात. मी एकदाही गेलो नाही.

हे सारे आठवायचे कारण एका दुसऱ्या कंपनीची हकीकत. २०२३ च्या २ ऑक्टोबरला रात्री त्याच सॅन फ्रान्सिस्कोत माणूस चालवत असलेल्या एका गाडीने रस्ता ओलांडणाऱ्या बाईला उडवले, आणि ती क्रूझ कंपनीच्या ड्रायव्हर नसलेल्या गाडीपुढे येऊन पडली. पहिल्या गाडीतला माणूस पळून गेला. यंत्र पळाले नाही; पण धक्का बाजूने बसला असा त्याचा समज झाला, आणि अपघातानंतर वाहतुकीला अडथळा होऊ नये म्हणून कडेला व्हावे हा शिकवलेला शिष्टाचार त्याने पाळला. बाई गाडीखाली होती. ती सुमारे वीस फूट फरपटत गेली. पुन्हा तेच: सुबुद्धीच, पण अस्थानी.

यंत्राने आपल्या परीने काहीच लपवले नव्हते. कॅमेऱ्यांत सगळे टिपलेले होते. लपवले ते माणसांनी. सरकारच्या रस्तासुरक्षा खात्याला दिलेल्या लेखी अहवालात धडक होती, फरपटणे नव्हते. त्याच महिन्याच्या २४ तारखेला कॅलिफोर्निया राज्याने कंपनीचा विनाचालक गाड्यांचा परवाना स्थगित केला; नोव्हेंबरात ताफ्यातल्या ९५० गाड्यांना सुधारणा देण्यात आली; आणि २०२४ च्या नोव्हेंबरात कंपनीने खोटा अहवाल दिल्याचे कबूल करून ५ लाख डॉलर दंड मान्य केला. डिसेंबरात मालक असलेल्या जनरल मोटर्सने त्या टॅक्सीच्या धंद्याला पैसा पुरवणेच बंद केले. ही हकीकत मुलगा सांगत असताना मी खिडकीबाहेर पाहत होतो. तो अहवाल लिहिणारा माणूस मला ओळखीचा वाटत होता.

मला असे वाटते, की चूक दुरुस्त करणे आणि चूक पत्करणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. तात्यांच्या छातीत त्या दोन्ही एकत्र होत्या. म्हणून ते पुन्हा डोळे जड असताना चाकाला बसले नाहीत, आणि म्हणूनच तिळगूळ घेऊन जात राहिले. ताफ्यात ह्या दोहोंची फारकत होते. दुरुस्ती यंत्राकडे जाते, आणि एका रात्रीत हजार ठिकाणी पोचते. पत्करणे मागे माणसांकडे राहते. आणि तिथे माणसे इतकी असतात, की प्रत्येकाला वाटते ते दुसऱ्या कोणाचे तरी काम आहे. कोणी गाडीला शिकवले, कोणी गाड्यांची संख्या वाढवली, कोणी परवाना दिला. तिळगूळ घेऊन जायचे कोणी?

गाड्या वाढवताना ह्या दुसऱ्या गोष्टीची बेगमी कमी पडते, हे २०२५ च्या २० डिसेंबरला दिसले. आम्ही तोवर परतलो होतो. मुलाने फोनवर सांगितले. शहराच्या मोठ्या भागातली वीज गेली, सिग्नल विझले. अशा वेळी काय करावे हे गाड्यांना ठाऊक होते, आणि त्या दिवशी असे ७,००० हून अधिक चौक त्यांनी ओलांडलेही. पण कधीकधी खात्री करून घेण्यासाठी त्या दूर बसलेल्या माणसाला विचारतात, "जाऊ ना?" त्या रात्री साऱ्याजणी एकदम विचारू लागल्या, उत्तरे देणारी माणसे अपुरी पडली, आणि कित्येक गाड्या चौकातच खोळंबल्या. ताफा लहान असताना घालून दिलेली ही रीत आता वाढलेल्या संख्येला बेताची करू, असे कंपनीने मग सांगितले. कंपनीने कारण उघड सांगितले, हे मला आवडले. पण मनात आले, की यंत्रे वाढवायला कारखाना पुरतो. "जा" किंवा "थांब" म्हणून त्याची जोखीम घेणारा माणूस मात्र कारखान्यात तयार होत नाही.

यंत्राने पश्चात्ताप करावा अशी माझी अपेक्षा नाही. त्याला छाती नाही, संक्रांत नाही. त्याच्या धन्याने मात्र जे घडले ते सगळे सांगावे. ताफ्याला करता येण्याजोगा पश्चात्ताप एवढाच, आणि तो करण्याची तयारी जितकी, तितक्याच गाड्या त्याने रस्त्यावर आणाव्यात. श्रावणी सोमवारच्या कहाणीत गावाचे सारे दूध ओतूनही गाभारा भरत नाही, आणि म्हातारीच्या खुलभर दुधाने भरतो. अहवालाचेही तसेच आहे. घागरी भरभरून खरी वाक्ये ओतली तरी तो भरत नाही. राहिलेली एक ओळच त्याला भरते.

दिवाळीच्या अंकात असली कबुली शोभत नाही, हे मला कळते. पण दिवाळीआधी घर झाडायला काढले, की माळ्यावरचेही खाली घ्यावे लागते. तात्या आता नाहीत. तो दूधवाला आहे. त्याचा पत्ता मी आगारातल्या एका जुन्या माणसाकडून मिळवला आहे. येत्या संक्रांतीला तिळगूळ घेऊन जायचे ठरवले आहे. सौभाग्यवतींनी विचारले, "इतक्या वर्षांनी जाऊन काय सांगणार?"

सांगायचे फार नाही. त्या रात्री गाडीवर पाठवणारा मी होतो, एवढेच.